जगदाळ्यांचं ‘नो’

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मानेसरच्या एका कारखान्यात इंग्रजी शिकवायला जाणार म्हटल्यावर करोल बागेतल्या आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "कारखान्यात? तिथे काय मशीनला एबीसीडी शिकवणार?" मी हसले. खरं तर मलाही नीट माहीत नव्हतं. पहाडगंजच्या शाळेत मी जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं होतं. मुलं चुकली की हसतात आणि पुढे जातात. मोठी माणसं चुकली की गप्प बसतात. हा फरक मला तिथे गेल्यावर कळला.

कारखाना गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायचा. मालकीत जपानी भागीदार होते, त्यामुळे दोन-तीन वर्षांसाठी जपानहून इंजिनिअर येत. त्यांना हिंदी येत नसे, आणि आपल्या लोकांना जपानी यायचा प्रश्नच नव्हता. मग मधली भाषा इंग्रजी, आणि ती दोघांचीही कच्ची. अर्ध्या इंग्रजीने अर्ध्या इंग्रजीशी बोलायचं आणि त्यावर टनावारी वजनाची यंत्रं चालवायची. या अर्ध्याचं निदान पाऊण करावं म्हणून एका एजन्सीमार्फत मला कंत्राटावर घेतलं होतं. मेट्रोने गुडगाव, तिथून कंपनीची बस, आणि मग कँटीनच्या वरची खोली. खालून फोडणीचा वास यायचा आणि भिंतीतून पत्रा दाबणाऱ्या यंत्राचा, प्रेसचा, ठोका. तो ठोका पुढे माझ्या इतका अंगवळणी पडला की तो थांबला तरच ऐकू येई.

या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, व्याकरण म्हणजे नियम पाठ करणं. प्रौढ माणसाला नियम सांगितला की तो मान डोलावतो आणि घरी जातो. त्याला संवाद द्यावा लागतो. दोन माणसं, एक जागा आणि एक गरज. 'पाना कुठे आहे?' 'टेबलावर आहे.' 'टेबलावर नाही.' 'मग कपाटात असेल.' एवढ्यात 'इज', 'इजन्ट', 'ऑन', 'इन' सगळं येतं आणि कुणाला कळतही नाही की आपण व्याकरण शिकलो. मी त्यांना जोड्या करून उभं करायची. एक साहेब, एक कामगार. मग उलट. साहेब झालेल्याचा आवाज लगेच चढायचा, हे मात्र शिकवावं लागलं नाही.

रेवाडीचे यादव नावाचे एक सुपरवायझर होते. त्यांचं सगळं इंग्रजी दोन शब्दांत मावायचं, 'नो प्रॉब्लेम'. लाईन बंद पडली तरी 'नो प्रॉब्लेम सर'. मी विचारलं, "यादवजी, प्रॉब्लेम हो तब क्या बोलते हो?" ते विचारात पडले आणि म्हणाले, "मॅडम, तब तो मैं उधर जाता ही नहीं."

दत्तात्रय जगदाळे अगदी उलटे. पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावर पाठ ताठ करून बसले होते. ओळख करून द्यायची वेळ आली तशी उभे राहिले आणि म्हणाले, "माय नेम इज हवालदार... सॉरी. माय नेम इज दत्तात्रय जगदाळे." वर्ग हसला. ते हसले नाहीत. वर्ग सुटल्यावर दाराशी थांबून त्यांनी मराठीत विचारलं, "साळवे म्हणजे तुम्ही आपल्याकडच्या का?" मी नगरची, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. ते माण तालुक्यातले. फौजेत गाड्यांची दुरुस्ती केली, दिल्ली कँटोन्मेंटमधून निवृत्त झाले आणि मुलीचं शिक्षण मोडू नये म्हणून इकडेच राहिले. कारखान्यात मेन्टेनन्सला फिटर होते. त्या दिवसापासून वर्गात मी 'मॅडम' आणि वर्गाबाहेर 'ताई'.

त्यांना घाई होती. मेन्टेनन्समध्ये टीम लीडरची जागा निघणार होती आणि मुलाखत जपानी साहेब इंग्रजीत घेणार होते. "हातातलं काम येतं ताई, तोंडातलं येत नाही," असं म्हणायचे. बसमध्येही ओठ हलत असत. त्यांच्या बायकोने, शोभाने, मला एकदा फोनवर सांगितलं, "झोपेतसुद्धा 'आय हॅव, यू हॅव, ही हॅज' चालतं. मुलगी म्हणते, पप्पांना ताप आलाय."

त्यांची गाडी अडली ती नकारार्थी प्रश्नावर. हे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आपण विचारतो, "जेवला नाहीस?" समोरचा म्हणतो, "हो, नाही जेवलो." त्याचं 'हो' आपल्याला असतं, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. हिंदीतही तेच, "हाँ, नहीं खाया." इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे जेवण झालं नसेल तर उत्तर 'नो'च. समोरच्याने कसंही विचारो, आपण फक्त काय घडलं ते बघायचं. जगदाळे दर वेळी 'यस' म्हणत. मी चहाच्या सुट्टीत त्यांना धरून बसायची.

"डिडन्ट यू ईट?"

"यस... नो. नो, आय डिडन्ट."

"इज द मशीन नॉट रेडी?"

"नो. नो, इट इजन्ट."

शेवटी ते जमलं. अगदी पक्कं बसलं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली.

तो दिवस मंगळवार की बुधवार हे आता आठवत नाही. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि भिंतीतला ठोका थांबला. एका प्रेसचा थांबला असता तर जाणवला नसता. सगळेच थांबले होते. वर्गातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली आणि कुणी काही न बोलता उठून खाली गेली. मी खडू हातात धरून उभी राहिले. खालून धावण्याचे आवाज येत होते, पण ओरडण्याचा आवाज नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

थोड्या वेळाने यादव वर आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मॅडम, हिरानो सान का हाथ. प्रेस में आ गया."

हिरानो सान म्हणजे हिरानोसाहेब, नवे जपानी इंजिनिअर. तिशीचे असतील. आठवड्यातून एकदा माझ्याकडे बोलण्याचा सराव करायला यायचे.

"किती लागलंय?" मी मराठीतच विचारलं. मग सावरून हिंदीत विचारलं.

"पता नहीं. ॲम्ब्युलन्स ले गई." यादवांनी आवाज खाली आणला. "सब बोल रहे हैं जगदाळे ने ग़लत बताया. बोला पॉवर बंद है."

घडलं होतं ते असं. एका प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला होता. नियम असा की आधी वीज बंद करायची, कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि मगच हात घालायचा. पण लाईन थांबली की सगळ्यांनाच घाई सुटते. हिरानो सान यंत्राच्या पुढच्या बाजूला वाकले होते आणि जगदाळे मागे, विजेच्या पेटीपाशी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. हिरानोंनी ओरडून काही विचारलं, जगदाळ्यांनी ओरडून उत्तर दिलं, आणि हिरानोंनी हात आत घातला. वीज चालू होती.

जगदाळे एचआरच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते. दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवलेले. शिक्षेला बसवलेल्या मुलासारखे. मला बघून ते उभे राहिले.

"ताई, त्यांनी विचारलं, पॉवर नॉट ऑफ? मी म्हणालो, नो सर. नोच म्हणालो. नॉट ऑफ, म्हणून नो. बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," मी म्हणाले.

"मग त्यांनी हात का घातला?"

त्यांना त्याच वेळी आत बोलावलं आणि नंतर कळलं की चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका असं सांगून घरी पाठवलं.

परतीच्या मेट्रोत मला जागा मिळाली तरी मी उभीच राहिले. बसवेना. 'नो' ऐकून कुणी यंत्रात हात घालेल का? मग एक तर हिरानोंना ऐकू आलं नाही, नाही तर... आणि हा 'नाही तर' माझ्या मनात आला याची मला लाज वाटली. जगदाळे फौजेतला माणूस, खोटं बोलणार नाही. पण घाबरलेला माणूस खोटं न बोलताही चुकीचं आठवतो. त्यांच्या तोंडून जुन्या सवयीने 'यस' गेलं असेल आणि आता त्यांना 'नो' म्हटल्याचं आठवत असेल, असंही होऊ शकतं. मी मनातल्या मनात प्रार्थना करायला लागले. हिरानोंच्या हातासाठी करावी की जगदाळ्यांच्या नोकरीसाठी, तेही ठरत नव्हतं.

राजीव चौकाला गाडी बदलताना गर्दीचा धक्का बसला आणि मला एकदम चहा आठवला. हिरानो सान पहिल्यांदा सरावाला आले तेव्हा मी चहा मागवला होता आणि विचारलं होतं, "यू डोन्ट टेक शुगर?" ते म्हणाले होते, "नो, नो." मी बिनसाखरेचा चहा पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि सभ्यपणे सगळा संपवला. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच साखर मागून घेतली, ती पण दोन चमचे. तेव्हा मला वाटलं होतं, माणसाची आवड बदलली असेल.

आवड बदलली नव्हती. त्यांचं 'नो' मला होतं. म्हणजे, तुम्ही म्हणता तसं नाही, मी साखर घेतो. अगदी आपल्यासारखं.

मी फलाटावरच थांबले. लोक बाजूने वाट काढत जात होते. म्हणजे जगदाळ्यांनी 'नो' म्हटलं ते मी शिकवलं तसं, पुस्तकातल्या इंग्रजीतलं. पॉवर बंद नाही. आणि हिरानोंनी ऐकलं ते त्यांच्या पद्धतीने. नाही, तुम्ही म्हणता तसं नाही, पॉवर बंद आहे. जगदाळे पहिल्यासारखे चुकून 'यस' म्हणाले असते, तर हिरानोंना बरोबर कळलं असतं.

मी शिकवलं ते चूक नव्हतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एचआरच्या दहियासाहेबांकडे गेले. मोठा माणूस, आवाजही मोठा, मनाने वाईट नाही. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं.

"मॅडम, यस-नो की क्लास बाद में. इधर आदमी का हाथ गया है, ऊपर रिपोर्ट भेजनी है."

"मुझे इन्क्वायरी में पाँच मिनट बोलने दीजिए."

"आपका क्या लेना-देना? आप तो एजन्सी से हो. एजन्सी को पता चलेगा तो आपका भी..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला ते पूर्ण ऐकू आलं.

पण झालं असं, की कंपनीची दुभाषी मुलगी मोठ्या साहेबांबरोबर चेन्नईला गेली होती आणि हिरानो सानचं इंग्रजी माझ्याशिवाय कुणालाच नीट समजत नव्हतं. चौकशीच्या आदल्या दिवशी दहियासाहेबांचाच फोन आला. "आ जाओ मॅडम. लेकिन सिर्फ़ समझाने के लिए. वकालत नहीं करनी."

हिरानो सान आले तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. दोन बोटं चेचली होती. एक वाचलं होतं, एकाचं वरचं पेर गेलं होतं. जगदाळ्यांनी त्या पट्टीकडे एकदा बघितलं आणि मग सगळा वेळ टेबलाकडे बघत राहिले. दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. गालावर एक ताजी चीर होती.

दहियासाहेबांनी हिरानोंना विचारलं, "सर, ही डिड नॉट वॉर्न यू?"

"यस," हिरानो म्हणाले.

दहियासाहेबांनी मान हलवून लिहून घेतलं. प्रश्न नकारार्थी, उत्तर 'यस', आणि या दोघांना एकमेकांचं बरोबर कळलं होतं. म्हणजे जगदाळ्यांनी सावध केलं नाही. कागदावर ते उमटलं की जगदाळ्यांची नोकरी गेली.

"दहियाजी, एक सवाल मैं पूछूँ? समझाने के लिए ही," मी म्हणाले. त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत मी विचारून टाकलं. "हिरानो सान, व्हॉट डिड ही से?"

"ही सेड नो."

दहियासाहेब म्हणाले, "नो? नो बोला तो..." आणि थांबले.

"यू आस्क्ड, पॉवर नॉट ऑफ? ही सेड नो. देन, पॉवर इज...?"

"ऑफ," हिरानो लगेच म्हणाले.

मी जगदाळ्यांकडे वळले. "जगदाळे, तुमच्या 'नो'चा अर्थ काय होता? पॉवर?"

"ऑन." त्यांचा आवाज चिरकला. "ऑन, मॅडम."

दहियासाहेबांनी पेन खाली ठेवलं. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मग मला हळूच विचारलं, "और सही किसका है?"

"किताब में इनका," मी जगदाळ्यांकडे बोट केलं. "लेकिन आप भी, मैं भी, घर में हिरानो सान की तरह ही बोलते हैं."

हिरानोंना कळायला थोडा वेळ लागला. मी कागदावर एकाच 'नो'पुढे 'ऑन' आणि 'ऑफ' लिहून दाखवलं. ते बघून ते म्हणाले, "माय क्वेश्चन, बॅड क्वेश्चन."

जगदाळे उठून उभे राहिले, फौजेत राहतात तसे. ते हिंदीत बोलले. "नहीं साहब. मेरे को बोलना चाहिए था, हाथ मत डालो. हिंदी में बोलना था. ज़ोर से बोलना था. मैं उस टाइम ग्रामर सोच रहा था."

हे ऐकल्यावर मला त्या खोलीत बसवेना. पण बसले.

निकाल मधलाच लागला. रिपोर्टमध्ये 'संभाषणातील चूक' असं लिहिलं गेलं. कुलूप न लावल्याबद्दल दोघांनाही ताकीद मिळाली. जगदाळ्यांची नोकरी राहिली, पण त्यांना प्रेसवरून काढून टूल रूमच्या खिडकीवर बसवलं, हत्यारं देण्या-घेण्यासाठी. टीम लीडरच्या मुलाखतीला त्यांना बोलावलंच नाही. हिरानो सान रोज टूल रूमसमोरून जाताना थांबून मान लववत आणि जगदाळेही मान लववत. दोघं बोलत नसत. मी माझ्या वर्गात नुसतं 'यस' आणि नुसतं 'नो' बंद करून टाकलं. पूर्ण वाक्य बोलायचं. पॉवर इज ऑन. डोन्ट टच. कुणी एका शब्दात उत्तर दिलं की मी जरा जास्तच जोरात दटावत असे. यादव एकदा म्हणाले, "मॅडम, आप पहले हँसती थीं."

जगदाळे वर्गात यायचे बंद झाले. मी खिडकीपाशी जाऊन विचारलं तर नजर न उचलता म्हणाले, "ताई, तुमच्यावर राग नाही. पण इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की तो हात दिसतो." पुढे मराठीतही कमीच बोलायला लागले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसत.

मग एका संध्याकाळी शोभाचा फोन आला. मला वाटलं, काहीतरी झालं. ती म्हणाली, "ताई, मला शिकवाल का? मुलीच्या इंग्रजी शाळेत आईवडिलांना बोलावतात. हे जात नाहीत आता. कुणीतरी गेलं पाहिजे ना."

"तू शिकलीस तर त्यांना चालेल?"

"विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं तर नाही म्हणतील."

मी दर रविवारी चर्चमधून परस्पर त्यांच्याकडे जायला लागले. कंपनीच्या बसच्या वाटेवरच्या एका गावात दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. बाहेरच्या खोलीत मी आणि शोभा. आतल्या खोलीत जगदाळे, दाराला पडदा. मी आले की ते "या ताई" म्हणायचे, पाण्याचा पेला पुढे करायचे आणि आत जायचे. पहिल्या रविवारी आत टीव्हीचा आवाज मोठा होता. मी शोभाला 'धिस इज माय डॉटर' शिकवत होते आणि माझं निम्मं लक्ष पडद्याकडे. आपण या घरात पुन्हा तेच घेऊन आलो आहोत, जे एकदा असं महाग पडलं, असं सारखं वाटत होतं. दोनदा मी ठरवलं की आजचा शेवटचा. पण शोभाचं वाचन सुरू झालं की ती अशी काही वाकून बसायची, की माझ्याने तिला सांगवलं नाही.

टीव्हीचा आवाज हळूहळू कमी होत गेला. मग कधीतरी तो लागतच नाही हे माझ्या लक्षात आलं.

शाळेची भेट आठवड्यावर आली होती. मी शिक्षिका झाले आणि शोभा आई. ती दाराबाहेर जाऊन चप्पल घालून पुन्हा आत आली, खरी शाळा असल्यासारखी. पदर सारखा करून खुर्चीत बसली.

"गुड मॉर्निंग. व्हॉट इज युवर डॉटर्स नेम?"

"हर नेम इज मयूरी."

"अँड व्हॉट डझ युवर हजबंड डू?"

शोभाने पडद्याकडे बघितलं. मी हा प्रश्न नको होता विचारायला, असं मला वाटून गेलं.

"माय हजबंड... माय हजबंड वर्क इन..."

"वर्क्स," आतून आवाज आला.

पडदा हलला नाही. शोभाने माझ्याकडे बघितलं आणि मी मानेनेच तिला 'पुढे बोल' म्हटलं.

"माय हजबंड वर्क्स इन मानेसर," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला पदर वर घेतला तो तसाच चेहऱ्यावर धरून हसायला लागली.